दोन धावपट्ट्यांची फुली

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. नकाशात कागदावर तिरकी फुली मारल्यासारख्या त्या दिसतात. एकीची लांबी सुमारे ३,४५० मीटर, दुसरीची सुमारे २,९०० मीटर. छेदत असल्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमाने सोडता येत नाहीत आणि उतरवताही येत नाहीत. म्हणजे आकड्यात धावपट्ट्या दोन असल्या, तरी कामाला एका वेळी एकच येते. मुंबईहून वारंवार विमानाने जाणाऱ्यांना जे अनुभव नेहमी येतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या फुलीत आहे: उतरायच्या आधी आकाशात घातलेल्या घिरट्या, संध्याकाळच्या विमानांचा उशीर, मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी अचानक विरळ झालेले वेळापत्रक. ही फुली समजली की विमानतळ कसे वापरावे तेही आपोआप समजते.

धावपट्ट्यांची नावे आकड्यांत असतात. होकायंत्रावर धावपट्टीची दिशा किती अंशांवर येते ते पाहायचे आणि त्यातला शेवटचा आकडा जवळच्या दहाच्या हिशेबाने सोडून द्यायचा. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड केले तर ९० अंश, म्हणून ०९. पश्चिमेकडे केले तर २७० अंश, म्हणून २७. दुसरी धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. तिचे आकडे १४ आणि ३२. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडवायचे आणि उतरवायचे असते, कारण समोरचा वारा पंखांना आधार देतो आणि धावण्याचे अंतर कमी करतो. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्यामुळे विमाने ठाण्याची खाडी, घाटकोपर, कुर्ला अशी पूर्वेकडून उतरत येतात आणि पश्चिमेला जुहूच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे झेपावतात.

एकाच धावपट्टीवर किती विमाने बसवायची, याचे गणित इथे जगात फार थोड्या ठिकाणी होत असेल इतक्या काटेकोरपणे होते. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात मुंबईने १,०३२ उड्डाणे आणि अवतरणे हाताळली. चोवीस तासांत भागले तर सरासरी दर ८४ सेकंदांना एक विमान. लंडनजवळचे गॅटविक हे याच जातीचे विमानतळ. तिथे गर्दीच्या तासाला ५५ विमानांपर्यंत मजल जाते, पण रात्रीच्या उड्डाणांवर तिथे निर्बंध आहेत. मुंबईला रात्रीची सुट्टी नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवासी या विमानतळावरून गेले-आले.

धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या विमानात खिडकीजवळ बसलेल्या माणसाला हे गणित प्रत्यक्ष दिसते. आपले विमान थांबा-रेषेवर उभे असते. आकाशात, घाटकोपरच्या दिशेला, एकामागे एक दिव्यांची माळ लागलेली असते; ती उतरणारी विमाने. पहिले टेकते, रबराचा धूर उडतो, आणि ते पुढे धावत जाऊन तिरक्या वाटेने धावपट्टीबाहेर पडते. या तिरक्या वाटा मुद्दाम बांधल्या आहेत. काटकोनात वळायचे तर विमानाला जवळजवळ थांबावे लागते. तिरक्या वाटेवर ते वेगातच वळू शकते आणि धावपट्टी काही सेकंद आधी मोकळी होते. ते बाहेर पडत असतानाच आपले विमान आत शिरते, रेषेत उभे राहते, इंजिनांचा आवाज वाढतो. मागचे विमान तोवर काही किलोमीटरवर आलेले असते. पुढचे विमान बाहेर पडायला रेंगाळले, तर मागच्याला उतरणे सोडून पुन्हा वर जावे लागते. याला गो-अराउंड म्हणतात. आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो, पण ही वैमानिकांच्या रोजच्या सरावातली, पूर्ण सुरक्षित क्रिया आहे. घाबरण्याचे कारण नाही.

दोन विमानांत किती अंतर ठेवायचे हे विमानाच्या आकारावरही ठरते. जड विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात आणि ते काही मिनिटे टिकतात. मागून येणाऱ्या लहान विमानाला ते उलटेपालटे करू शकतात. म्हणून मोठ्या विमानामागे लहान असेल तर जास्त अंतर सोडावे लागते. संध्याकाळी परदेशी मोठी विमाने आणि देशांतर्गत मध्यम विमाने एकाच रांगेत येतात, तेव्हा नियंत्रकांची कसोटी लागते.

इतक्या घट्ट वेळापत्रकात चुकीला जागा उरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतली विमानांची संख्या ताशी ४६ वरून ४४ वर आणायला लावली. मुंबईवर घिरट्या घालण्यात चाळीस-चाळीस मिनिटे जात होती. एवढ्या वेळात एका विमानाचे सुमारे १,७०० लिटर इंधन जळते, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. दोन विमाने कमी करणे हा आकडा लहान वाटतो, पण निर्णय योग्य होता. भरून वाहणाऱ्या भांड्यातले एक चमचा पाणी काढले तरी सांडणे थांबते.

वारंवार प्रवास करणारे मुंबईहून पहाटेचे किंवा सकाळचे पहिले विमान धरतात, ते याच कारणाने. देशांतर्गत मार्गांवरचे एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी नागपूरला गेलेले विमान दुपारी दिल्लीला जाते आणि संध्याकाळी गोव्याला. पहिल्या फेरीत वीस मिनिटे गेली की ती पुढच्या प्रत्येक फेरीत साचत जातात, आणि मुंबईत मध्येच मोकळा वेळ नसल्यामुळे ती भरून काढता येत नाहीत. रात्री विमानतळावर मुक्कामाला असलेले विमान मात्र सकाळी तयार उभे असते. महत्त्वाची मुलाखत, लग्न, परदेशचे पुढचे विमान असे काही असेल तर पहिले विमान घ्यावे. शक्य असेल तर आदल्या दिवशीच जावे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुंबईच्या पावसाचे जे आकडे वर्तमानपत्रांत ‘सांताक्रूझ’ म्हणून छापून येतात, ते या विमानतळाच्या परिसरातल्या वेधशाळेचे असतात. २६ जुलै २००५ रोजी तिने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. मिठी नदी विमानतळाच्या खालून वाहते, आणि त्या दिवशी ती पात्रात मावली नाही. विमानतळ एक दिवसाहून जास्त काळ बंद राहिले. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले एक विमान मुसळधार पावसात मुख्य धावपट्टीवर थांबू न शकता पुढच्या चिखलात रुतले. प्रवासी सुखरूप होते, पण विमान बाहेर काढेपर्यंत मुख्य धावपट्टी तीन दिवसांहून अधिक काळ बंद होती. तेवढे दिवस सगळा भार आखूड धावपट्टीवर आला आणि देशभरची वेळापत्रके कोलमडली. फुलीतली दुसरी रेघ तेव्हा कामाला आली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ती नसती तर मुंबई तीन दिवस विमानाविना राहिली असती.

मुख्य धावपट्टीची तब्येत म्हणूनच फार जपली जाते. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, साधारण मे महिन्यात, आणि पावसाळा संपल्यावर एकदा, दोन्ही धावपट्ट्या एका दिवशी सुमारे सहा तास, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, पूर्ण बंद ठेवतात. हजारो चाकांनी टेकताना सोडलेला रबराचा थर खरवडून काढतात, भेगा बुजवतात, दिवे आणि पाणी वाहून नेणाऱ्या वाटा तपासतात. हा थर तसाच राहिला तर ओल्या धावपट्टीवर चाके पकड धरत नाहीत. या दिवसाची सूचना कित्येक महिने आधी दिली जाते, म्हणून विमाने आधीच हलवलेली असतात. त्या दिवशी अकराच्या आधीची आणि पाचच्या नंतरची विमाने खचाखच भरलेली असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

फुली मोठी का करता येत नाही, किंवा समांतर तिसरी रेघ का ओढता येत नाही, याचे उत्तर विमानतळाच्या कुंपणाबाहेर आहे. सुमारे १,८५० एकरांच्या या जागेला चारी बाजूंनी शहराने वेढा घातला आहे: पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर, मरोळ, अंधेरी. आखूड धावपट्टीच्या आग्नेय टोकापलीकडे तुर्भ्याची टेकडी आणि अणुसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे त्या बाजूचे उड्डाणमार्गही आखडलेले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर या विमानतळाचा भार आजूबाजूच्या रहिवाशांवर पडतो. धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या पुढे नरसाळ्यासारखा पसरत जाणारा जो पट्टा आहे, त्याला इथले लोक ‘फनेल झोन’ म्हणतात. त्यात इमारतीची उंची मर्यादित असते. पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला इथल्या कित्येक जुन्या चाळी आणि सोसायट्यांचा पुनर्विकास याच अटीमुळे वर्षानुवर्षे अडला आहे. उंची मिळत नाही, म्हणून बिल्डर येत नाही. उड्डाणाची सुरक्षा सोडता येणार नाही हे खरे, पण गळक्या छपराखाली राहणाऱ्या या कुटुंबांना मोबदल्याचा किंवा पर्यायी जागेचा न्याय्य मार्ग मिळायलाच हवा.

नावांचा गोंधळही जुना आहे. सांताक्रूझची हवाईपट्टी इंग्रजांच्या हवाई दलाने उभारली आणि दुसऱ्या महायुद्धात वापरली. युद्धानंतर ती नागरी वाहतुकीकडे आली. त्याआधी मुंबईचे विमानतळ जुहूला होते. ते १९२८ मध्ये सुरू झाले, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ जातीच्या छोट्या विमानाने तिथेच उतरले. जुहूची पट्टी आजही आहे. तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. दोन्ही पट्ट्या इतक्या जवळ आणि दिशेने इतक्या सारख्या की मोठ्या विमानांच्या वैमानिकांनीही त्यांत गल्लत केली. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. त्या आखूड पट्टीवरून ते पुन्हा उडवायला नंतर कित्येक दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीचे डीसी-८ विमानही तसेच जुहूला उतरले आणि पट्टी संपून पुढे गेले. त्यात कोणाचा जीव गेला नाही, पण विमान पुन्हा कामाचे राहिले नाही.

विमानतळाला शिवाजी महाराजांचे नाव १९९९ मध्ये मिळाले आणि २०१८ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. तिकिटावरची तीन अक्षरे मात्र अजून ‘बॉम्बे’चीच आहेत: बीओएम. शहराचे नाव बदलले तरी हे संकेत सहसा बदलत नाहीत, कारण जगभरच्या आरक्षण यंत्रणांत ते रुजलेले असतात.  गोव्यात दोन विमानतळे झाल्यापासून दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स असे दोन संकेत आहेत, आणि त्यांत गफलत करून पणजीच्या उलट्या टोकाला पोचणारे प्रवासी आजही भेटतात.

मुंबईत टर्मिनलांची गफलत त्याहून महाग पडते. टी-१ म्हणजे जुने सांताक्रूझचे टर्मिनल, पश्चिम द्रुतगती महामार्गाजवळचे. इथून फक्त देशांतर्गत विमाने सुटतात. टी-२ अंधेरीच्या बाजूला, सहार गावाजवळ. तिथून सगळी आंतरराष्ट्रीय आणि बरीच देशांतर्गत विमाने सुटतात. दोन्ही एकाच विमानतळाची असली तरी मध्ये धावपट्टी आहे, आणि रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला चार-पाच किलोमीटर आणि मुंबईची वाहतूक पार करावी लागते. एकाच कंपनीची काही विमाने टी-१ वरून तर काही टी-२ वरून सुटतात, म्हणून ‘मागच्या वेळी इथूनच गेलो होतो’ हा आधार धरू नये. बोलण्यात अजून ‘सांताक्रूझ’ म्हणतात, पण टी-१ ला लोकलचे सर्वांत जवळचे स्टेशन विलेपार्ले आहे.

मेट्रो आल्यापासून यात मोठा फरक पडला. भुयारी मेट्रो ३ वर टी-१, सहार रोड आणि टी-२ अशी लागोपाठ स्टेशने आहेत. कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये खुली झाली. चुकीच्या टर्मिनलवर आलेल्याला आता टॅक्सी शोधत बसण्यापेक्षा मेट्रो बरी. घाटकोपर-वर्सोवा या जुन्या मेट्रो १ वर मात्र ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्टेशन आहे आणि ते नवख्यांना हमखास फसवते. ते टर्मिनलला जोडलेले नाही. तिथून रिक्षा करावी लागते. मेट्रो १ ने येणाऱ्याने त्याच्या शेजारच्याच मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ धरावी, पुढचेच स्टेशन टी-२. मेट्रो ३ च्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात, म्हणून मध्यरात्रीच्या विमानाला तिचा भरवसा ठेवू नये. पुण्याहून येणाऱ्यांनी तर खंडाळ्याचा घाट रविवारी संध्याकाळी किती वेळ खातो ते धरूनच निघावे. घाटात अडकलेल्या गाडीसाठी विमान थांबत नाही.

टी-२ चे उद्घाटन जानेवारी २०१४ मध्ये झाले. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांनी त्याचा आराखडा केला. वर जाता जाता पसरणारे पांढरे खांब आणि छताची नक्षी मोराच्या पिसाऱ्यावरून घेतली आहे. दिवसा छिद्रांतून झिरपणारा प्रकाश फरशीवर ठिपके काढतो. आतल्या भिंतींवर ‘जय हे’ हे कलासंग्रहालय आहे. राजीव सेठी यांच्या संकल्पनेतून ते उभे राहिले. तीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या भिंतींवर देशभरच्या देवळांचे कोरीव दरवाजे, मुखवटे, मूर्ती, पटचित्रे, आजच्या कलावंतांची कामे अशा हजारो वस्तू मांडल्या आहेत. बहुतेक लोक बॅग ओढत त्यांच्यासमोरून धावत जातात. विमानाला उशीर झालाच असेल तर खुर्चीत मोबाईल बघत बसण्यापेक्षा या भिंतींपाशी चालावे. त्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही.

टर्मिनलमध्ये उद्घोषणा जवळजवळ नसतात. मोठ्या आवाजाने त्रास होऊ नये म्हणून हे धोरण ठेवले आहे आणि त्याने शांतता खरोखरच मिळते. पण ‘आपले नाव पुकारतील’ या भरवशावर बसलेल्याचे विमान इथे चुकते. पडद्यावरचे गेट पुन्हा पुन्हा पाहावे, ते बदलते. देशांतर्गत विमानासाठी बहुतेक कंपन्या सामान घेणे साठ मिनिटे आधी आणि गेट पंचवीस मिनिटे आधी बंद करतात. टी-२ मध्ये सुरक्षा तपासणीपासून टोकाच्या गेटपर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात, वयस्कर माणसांना त्याहून जास्त.

भारतात विमानतळाच्या दारातच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. काठमांडूहून निघालेल्या विमानाच्या १९९९ च्या अपहरणानंतर, २००० पासून विमानतळांची सुरक्षा या दलाकडे येऊ लागली. पोचवायला आलेल्या नातेवाइकांना म्हणून दारातूनच निरोप द्यावा लागतो. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळायला हवे. ‘वसंतराव’ आणि ‘वसंत’ यातही अडचण होऊ शकते, विशेषतः परदेश प्रवासात. देशांतर्गत प्रवासाला डिजियात्रा ही चेहरा ओळखणारी सोय आहे. घरूनच मोबाईलवर नोंदणी करून ठेवली तर दारातली आणि तपासणीआधीची रांग बरीच टळते.

सामानाच्या पट्ट्यावर एखादी स्टीलची डब्यांची चळत आली की तपासनीस ती हमखास उघडायला सांगतो. पडद्यावर स्टील काळे दिसते आणि आतले अनारसे की आणखी काही, ते कळत नाही. लाडू, चिवडा, करंज्या पारदर्शक डब्यात न्याव्यात, वेळ वाचतो. तूप, लोणचे, सांडगी मिरची यांची जागा चेक-इनच्या बॅगेत. सुके खोबरे मात्र कुठल्याच बॅगेत भरू नये. विमान वाहतुकीत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते, कारण त्यातल्या तेलामुळे ढिगात उष्णता साचत जाते. पूजेचा कापूरही ज्वलनशील घन पदार्थ म्हणून चालत नाही. काडेपेटी आणि लायटरही नाही. ओल्या नारळाबद्दल कंपनीला आधी विचारावे.

पॉवर बँकेचा नियम उलटा आहे: ती चेक-इन बॅगेत नको, हातातल्या बॅगेतच हवी. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती दिसते आणि विझवता येते. खालच्या मालकप्प्यात ते शक्य होत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-अवरची होते, म्हणून चालते. बॅटरीवर आकडे पुसले गेले असतील तर ती घरीच ठेवावी. पाण्याची रिकामी बाटली नेता येते आणि तपासणीनंतरच्या नळावर भरता येते.

परदेशी जाणारी बहुतेक विमाने मध्यरात्रीच्या आसपास का सुटतात, हा प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्या आई-वडिलांना नेहमी पडतो. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्री उतरायला मनाई किंवा मर्यादा आहे. मुंबईहून रात्री दोन वाजता निघालेले विमान नऊ-दहा तासांनी तिथे पोचते तेव्हा स्थानिक घड्याळात सकाळ झालेली असते, आणि पुढच्या विमानांची गाठ पडते. आखाती देशांतल्या विमानतळांचे वेळापत्रकही अशाच पहाटेच्या गाठींवर बेतलेले असते. त्यात मुंबईला रात्रीची बंदी नाही. म्हणून रात्री दहापासून तीनपर्यंत टी-२ वर जी झुंबड उडते, ती दुपारी दिसत नाही.

यातून तारखेचा सापळा तयार होतो आणि त्यात मराठी घरे नेहमी अडकतात. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. रात्री दोन वाजले तरी आपल्या बोलण्यात ती आदल्या दिवसाचीच रात्र असते. विमानाचा दिवस मात्र रात्री बाराला बदलतो. तिकिटावर १५ तारीख, वेळ ०२:०५ असेल तर १४ तारखेला जेवून रात्री साडेदहा-अकरापर्यंत विमानतळावर पोचायचे असते. १५ तारखेच्या रात्री निघालेल्याचे विमान जवळजवळ एक दिवस आधी गेलेले असते. कॅलेंडरवर विमानाच्या तारखेऐवजी घरून निघण्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.

वयस्कर प्रवाशांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागावी. परदेशी मुलांकडे निघालेल्या आजी-आजोबांची रांग टी-२ वर रोज रात्री लागते, आणि ऐनवेळी मागणाऱ्यांना बराच वेळ थांबावे लागते. वरचेवर परदेशी जाणाऱ्यांना इमिग्रेशनच्या रांगेत न थांबता स्वयंचलित दरवाजाने जाण्याची सोय जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. भारतीय पासपोर्टधारक आणि ओसीआय कार्डधारक आधी ऑनलाइन अर्ज करून ती मिळवू शकतात. परदेशातून येऊन पुढे नागपूरला किंवा गोव्याला जायचे असेल, तर बॅग शेवटच्या गावापर्यंत लावलेली असली तरी मुंबईत ती पट्ट्यावरून घेऊन कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते. पुढचे विमान टी-१ वरून असेल तर दोन विमानांत चार तास तरी ठेवावेत.

खिडकीची जागा मिळाली तर तिचा उपयोग करावा. पश्चिमेकडे उड्डाण होत असेल तर उजव्या खिडकीतून काही क्षणांतच जुहूची जुनी पट्टी आणि मग किनारा दिसतो. पूर्वेकडून उतरताना हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ठाण्याच्या खाडीवर गुलाबी डाग दिसतात. ते रोहित पक्ष्यांचे थवे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ असा एक थवा दुबईहून येणाऱ्या विमानाला धडकला आणि जवळपास ४० पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले. खाडीतली पाणथळ जागा जसजशी भरावाखाली जाते तसतसे पक्षी आपल्या वाटा बदलतात, आणि त्या वाटा विमानांच्या वाटांना छेदू लागतात. पक्ष्यांसाठी आणि प्रवाशांसाठीही ती जागा राखणे गरजेचे आहे.

फुलीवरचा भार हलका करण्याचा खरा उपाय शहराबाहेर निघाला. उलवे-पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. त्याचा संकेत एनएमआय. पुणे, पनवेल, रायगडच्या लोकांना ते जवळ पडते, पण त्यामुळे मुंबईच्या तिकिटावर आता आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बीओएम आणि एनएमआय यांच्यामध्ये ठाण्याची खाडी आहे आणि गर्दीच्या वेळी दीड-दोन तासांचे अंतर. घरातून पाऊल बाहेर ठेवण्यापूर्वी तिकिटावरची ती तीन अक्षरे, टर्मिनलचा आकडा आणि तारखेपुढची वेळ एकदा मोठ्याने वाचावी.